अकरा ते बारा : वॉशिंग्टनमधल्या मुलांच्या संचारबंदीचं प्रकरण

ऑगस्टमधल्या एखाद्या बुधवारी रात्री साडेअकराला सोळा वर्षांचा मुलगा वॉशिंग्टन शहरात बसस्टॉपवर एकटा उभा असेल, तर कायद्याची त्याला हरकत नसे. सप्टेंबर लागल्यावर पुढच्या बुधवारी तोच मुलगा त्याच वेळी तिथेच उभा राहिला, की तो नियमभंग. जुलै आणि ऑगस्टमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपर्यंत बाहेर राहायची मुभा होती. १ सप्टेंबरपासून रविवार ते गुरुवार ही मुदत अकरावर येई. शुक्रवार-शनिवारच्या रात्री मात्र बाराही महिने मध्यरात्रीचीच वेळ. कुठलाही दिवस असो, संचारबंदी सुटायची सकाळी सहाला.

मला हे प्रकरण अभ्यासावंसं वाटलं ते या एका तासामुळे. मुलं रात्री घरात असली की गुन्हे कमी होणार, हे इतकं उघड वाटतं की ते तपासून पाहायची गरज सहसा कुणाला भासत नाही. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ओमाहा शहराचा १८८० सालचा नियम या प्रकारातला पहिला मानला जातो आणि तेव्हापासून शेकडो लहानमोठ्या गावांनी तसे नियम केले. वॉशिंग्टनमध्ये दोन गोष्टी योगायोगाने एकत्र आल्या. नियमाची वेळ दरवर्षी ठरलेल्या तारखेला आपोआप बदलत होती, आणि त्याच काळात शहरात गोळीबाराचा आवाज टिपणारे मायक्रोफोन बसले होते. त्यामुळे या एका तासात रस्त्यावर काय होतं, ते मोजता आलं.

कायदा आला कसा

वॉशिंग्टन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे व्हाइट हाउस आणि पांढऱ्या खांबांच्या इमारती येतात. प्रत्यक्षात ते सुमारे सात लाख लोकांचं नांदतं शहर आहे. अ‍ॅनाकोस्टिया नदीच्या पूर्वेला वॉर्ड ७ आणि ८ मध्ये प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि तुलनेने गरीब वस्त्या आहेत. शहराला स्वतःचा महापौर आणि तेरा सदस्यांची कौन्सिल आहे, पण अंतिम अधिकार अमेरिकेच्या संसदेकडे. १९७३ च्या कायद्याने शहराला जी स्वायत्तता मिळाली ती अशी अर्धीमुर्धीच आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला क्रॅक कोकेन या स्वस्त अमली पदार्थाने या शहराची दैना केली. १९८९ मध्ये कौन्सिलने मुलांवर तात्पुरती संचारबंदी लावली आणि त्याच वर्षी केंद्रीय न्यायालयाने ती रोखली. १९९१ साली शहरात ४८० च्या आसपास खून झाले. तेव्हा लोकसंख्या जेमतेम सहा लाख होती. मारणारे आणि मरणारे, दोघांतही पोरसवदा मुलं बरीच. अशा वेळी नगरसेवकाच्या दारात आई येऊन उभी राहते आणि म्हणते, काहीतरी करा. संचारबंदीचा १९९५ चा कायदा त्या हताशपणातून आला, आणि तो समजून न घेता त्याच्यावर टीका करणं मला अन्यायाचं वाटतं.

१९९५ ला कौन्सिलने नवा मसुदा लिहायला घेतला नाही. टेक्सासमधल्या डॅलस शहराने १९९१ मध्ये केलेला नियम वरच्या न्यायालयात १९९३ साली टिकला होता. तोच जवळजवळ जसाच्या तसा उचलला. न्यायालयात टिकलेला कायदा घ्यावा, हा वकिली शहाणपणा झाला. तो डॅलसमध्ये उपयोगी पडला का, हा प्रश्न मागे राहिला.

कायद्यात आठ अपवाद होते आणि ते वाचण्यासारखे आहेत. पालक किंवा पालकांनी नेमलेली एकवीस वर्षांवरची व्यक्ती बरोबर असेल तर चालेल. पालकांनी सांगितलेल्या कामासाठी बाहेर पडता येईल, पण वाटेत वळसा घ्यायचा नाही आणि थांबायचं नाही. नोकरीवर असणं, नोकरीला जाणं किंवा तिथून परतणं चालेल. तातडीचा प्रसंग असेल तर चालेल. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाडीत बसलेलं असेल तर चालेल. शाळा, धार्मिक संस्था किंवा शहराच्या, मोठ्यांच्या देखरेखीखालच्या कार्यक्रमाला जाता-येता येईल. सभा, निदर्शनं, प्रार्थना अशा घटनेने दिलेल्या हक्कांसाठी बाहेर राहता येईल. आणि स्वतःच्या घरासमोरच्या फुटपाथवर बसता येईल. शेजाऱ्याच्या घरासमोरही बसता येईल, फक्त शेजाऱ्याने पोलिसांकडे तक्रार केलेली नसावी.

हा शेवटचा अपवाद मला फार बोलका वाटतो. कायदा लिहिणाऱ्याला ओट्यावरच्या गप्पा माहीत होत्या. उन्हाळ्यात घरात उकडतं आणि पोरं पायरीवर बसतात, हे त्याने पाहिलेलं होतं. पण त्याने त्या गप्पांना फुटपाथभरच जागा ठेवली. चार घरं सोडून राहणाऱ्या मित्राच्या पायरीवर बसलेला मुलगा कायद्याच्या बाहेर गेला. आजीसाठी औषध घेऊन येताना वाटेत मित्राशी दोन मिनिटं बोलणारी मुलगीही गेली. पोलिसाने आधी वय विचारायचं, बाहेर असण्याचं कारण विचारायचं आणि एकही अपवाद लागू होत नाही असं वाटलं तरच कारवाई करायची, असं कायद्यात लिहिलेलं होतं. कागदावर हे सौम्य दिसतं. रस्त्यावर त्याचा अर्थ असा, की कुठल्याही किशोरवयीन मुलाला थांबवून प्रश्न विचारायला आता एक कारण कायम हाताशी आलं.

मुलाला पंचवीस तासांपर्यंत समाजसेवा करायला लावता येत असे. जाणूनबुजून मुलाला बाहेर सोडणाऱ्या किंवा त्याला आवरू न शकणाऱ्या पालकाला ५०० डॉलरपर्यंत दंड किंवा समाजसेवा. दुकानात मुलांना थांबू देणारा दुकानदारही दोषी.

न्यायालयात चार वर्षं

काही मुलं, पालक आणि एक व्यावसायिक न्यायालयात गेले. हचिन्स विरुद्ध डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया (हे वॉशिंग्टनचंच अधिकृत नाव) या नावाने तो खटला ओळखला जातो. १९९६ च्या ऑक्टोबरात न्यायाधीश एमेट सलिव्हन यांनी कायदा घटनाबाह्य ठरवला. १९९८ मध्ये वरच्या न्यायालयाच्या तीन जणांच्या पीठाने तो निकाल बहुमताने कायम केला. मग त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने फेरसुनावणी घेतली आणि जून १९९९ मध्ये निकाल फिरवला. न्यायाधीश लॉरेन्स सिल्बरमन यांनी लिहिलेल्या मताचा गाभा असा, की मुलांचा रस्त्यावर हिंडण्याचा हक्क प्रौढांच्या हक्काइतका पक्का नाही आणि शहराने ठेवलेला हेतू व निवडलेला उपाय यांचा पुरेसा मेळ बसतो.

घटनेचं काम न्यायालयाने केलं. हेतू योग्य आहे का आणि उपाय त्याला धरून आहे का, एवढं त्याने पाहिलं. उपायाने गुण येतो का, हे शोधण्याचं काम न्यायाधीशांचं नसतंच. पण निकाल लागल्यावर शहरात असा समज पसरला की प्रश्नाचा निकाल लागला. त्यानंतरची जवळजवळ पंधरा वर्षं वॉशिंग्टनमध्ये वाद झाले ते वेळ आणखी अलीकडे आणायची का, एवढ्यापुरते. २००६ च्या उन्हाळ्यात खून वाढले तेव्हा पोलीस प्रमुख चार्ल्स रॅमसी यांनी आणीबाणी जाहीर केली आणि वेळ काही काळ दहावर आणली गेली.

छपरांवरचे कान

त्याच वर्षी, २००६ मध्ये, शहराने शॉटस्पॉटर नावाची यंत्रणा बसवायला सुरुवात केली. इमारतींच्या छपरांवर मायक्रोफोन असतात. गोळीचा आवाज प्रत्येक मायक्रोफोनपर्यंत किंचित वेगळ्या क्षणी पोहोचतो आणि त्या फरकावरून गोळी कुठून सुटली ते यंत्रणा काढते. हेतू असा की पोलीस लवकर पोहोचावेत.

जिलियन कार आणि जेनिफर डोलॅक या दोन अर्थतज्ज्ञांना या नोंदींचा वेगळाच उपयोग दिसला. गुन्ह्यांचे नेहमीचे आकडे पोलिसांकडून येतात आणि संचारबंदीच्या अभ्यासात ते फसवतात. संचारबंदी लागली की पोलिसांची गस्त बदलते. गस्त बदलली की कोणते गुन्हे नोंदले जातात तेही बदलतं. त्यामुळे आकडा वाढला किंवा घटला तर तो गुन्ह्याचा की गस्तीचा, हे कळत नाही. त्यात लोक फोन करत नाहीत. या दोघींच्या आधीच्या कामात असं दिसलं होतं, की यंत्रणेने टिपलेल्या गोळीबारांपैकी फक्त १२ टक्के वेळा कुणीतरी मदतक्रमांकावर फोन करून गोळ्यांचा आवाज आल्याचं कळवलं होतं. बाकीच्या वेळी माणसं खिडकी लावून घेऊन गप्प बसली. मायक्रोफोनला ना भीती, ना कंटाळा.

दोघींनी पाहायचा तास निवडला तो अकरा ते बाराचा. ३१ ऑगस्टपर्यंत कामाच्या दिवशी या तासात मुलं बाहेर असू शकत, १ सप्टेंबरपासून नाही. संचारबंदी गोळीबार कमी करत असेल, तर तारीख उलटल्यावर या तासात आवाज कमी व्हायला हवेत.

ते वाढले. या तासातला गोळीबार दीडशे टक्क्यांनी, म्हणजे अडीच पटीवर गेला. शहरभर मिळून आठवड्याला साधारण सात घटना जास्त. हा निबंध २०१८ मध्ये अर्थशास्त्राच्या मान्यवर नियतकालिकात छापून आला.

सात हा आकडा लहान आहे आणि मूळ संख्याही लहानच, त्यामुळे टक्केवारी मोठी दिसते, हे आधी मान्य करायला हवं. गोळी सोळा वर्षांच्या मुलाने झाडली की तिशीच्या माणसाने, हे मायक्रोफोन सांगत नाही. अभ्यास एका शहराचा आहे आणि तारखेच्या आगेमागेच्या दिवसांचा आहे. पण याला उलटं करून पाहा. एखाद्या औषधाच्या चाचणीत रोग्याचा ताप उतरायच्या जागी इतका चढला असता, तर 'नमुना लहान आहे' म्हणून आपण तेच औषध तीस वर्षं चालू ठेवलं असतं का?

असं का व्हावं? लेखिकांचा तर्क असा की अकरानंतर जी मुलं घरी जातात ती नियम पाळणारी असतात. त्यांच्या मागे त्यांना आणायला बाहेर येणारे मोठेही घरात जातात. रस्त्यावरची साक्षीदार माणसं कमी होतात. आणि पोलीस मुलांची वयं विचारण्यात गुंततात.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. कोरोनाच्या काळात, २२ डिसेंबर २०२० पासून, राज्यातल्या महापालिका हद्दीत रात्री अकरा ते सकाळी सहा अशी संचारबंदी लागली होती. वेळ अगदी हीच. शिफ्ट संपवून किंवा दवाखान्यातून एकट्याने घरी जावं लागलेल्यांना तो रस्ता आठवत असेल. पानाची टपरी बंद, रिक्षास्टँड रिकामा, नाक्यावर कुणी नाही. त्या रस्त्यावर सुरक्षित वाटलं का? नाक्यावरची पोरं हा आपल्याकडे तक्रारीचा विषय, पण कुणाची दुचाकी घसरली तर पहिली धावून येतात तीच.

उलट बाजूचा पुरावा

दुसऱ्या बाजूनेही अभ्यास झाला आहे, आणि तो झाकून ठेवणं बरोबर नाही. पॅट्रिक क्लाइन या अर्थतज्ज्ञाने २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या शहरांचे आकडे तपासले. संचारबंदी लागल्यावर त्या वयाखालच्या मुलांच्या अटका कमी झाल्या, असं त्याला दिसलं. हा अभ्यास गांभीर्याने घेण्यासारखा आहे. पण तो अटकांवर उभा आहे, आणि अटक हे पोलिसांच्या कृतीचं माप आहे. त्यातून मुलांचं वागणं सुधारलं असेल, हे शक्य आहे. रस्ता सगळ्यांसाठी सुरक्षित झाला का, याचं उत्तर मात्र त्यात नाही.

वॉशिंग्टनच्या शेजारी, व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या डेव्हिड विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या विषयावरचे बारा अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. संचारबंदीने गुन्हे किंवा मुलांवरचे हल्ले कमी होत असण्याची शक्यता कमी आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यामागचं एक साधं कारण घड्याळातच आहे. अमेरिकेत शाळा असलेल्या दिवशी अल्पवयीन मुलांचे हिंसक गुन्हे सर्वांत जास्त होतात ते दुपारी तीनच्या सुमारास, शाळा सुटल्या सुटल्या. सुट्टीच्या दिवशी ते संध्याकाळी सात ते नऊच्या आसपास होतात. हे तिथल्या न्यायखात्याने कितीतरी वर्षांपूर्वी छापलेलं आहे. दुपारी तीनला मूल शाळेतून निघतं, आईबाप कामावर असतात, घर कुलूपबंद असतं. तीन ते सात ही वेळ सांभाळायला शिक्षक, मैदानं, वाचनालयं, खाऊचे पैसे आणि शहराचं अंदाजपत्रक लागतं. अकरा ते सहा सांभाळायला एक कागद पुरतो. नगरसेवकांचा हात पुन्हा पुन्हा रात्रीकडेच का जातो, याचं मला दिसणारं कारण हे आहे.

एकच तारीख, दोन शहरं

२०२३ साली वॉशिंग्टनमध्ये २७४ खून झाले. १९९७ नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा. चालकाला बंदूक दाखवून किंवा मारून गाडी पळवण्याचे साडेनऊशेच्या वर प्रकार घडले आणि त्यात अटक झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त अल्पवयीन होते. लोक घाबरले होते. महापौर म्युरिअल बाउझर यांनी संचारबंदीची अंमलबजावणी ठरावीक भागांत नव्याने सुरू केली. त्यात एक चांगला बदल होता. पकडलेल्या मुलाला पोलीस चौकीत बसवून ठेवायच्या ऐवजी बालसुधार विभागाच्या केंद्रात न्यायचं, तिथे त्याच्या घरची परिस्थिती समजून घ्यायची आणि पालकांच्या ताब्यात द्यायचं. पोलीस लवकर मोकळे होतात आणि मुलाशी बोलायला त्या कामाचं शिक्षण घेतलेला माणूस असतो. ही योजना सुरू झाली १ सप्टेंबर २०२३ रोजी.

त्याच दिवशी, १ सप्टेंबर २०२३ ला, टेक्सासमध्ये एक नवा कायदा लागू झाला. त्याने राज्यातल्या सगळ्या शहरांचा आणि परगण्यांचा मुलांवर अशी संचारबंदी लावायचा अधिकार काढून घेतला. वॉशिंग्टनने ज्या डॅलसचा नियम उचलला होता, ते डॅलसही त्यात आलं. हे टेक्सासमधल्या रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने केलं आणि गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी त्यावर सही केली. गुन्हेगारीबाबत मवाळपणाचा आरोप त्यांच्यावर कुणी करणार नाही. तिथे रात्री बाहेर दिसलेल्या मुलावर ५०० डॉलरपर्यंत दंडाचा फौजदारी ठपका बसे आणि तो नोकरी शोधताना, पुढे शिकताना आडवा येई. मुलांना वाचवायला आणलेला नियम त्यांच्या नावावर गुन्हा चढवतो, हे तिथल्या आमदारांना पटलं.

वॉशिंग्टनमध्ये २०२४ साली खून १८७ वर आले. संचारबंदीची वाढीव अंमलबजावणी हे त्याचं कारण म्हणायला कुठलाही आधार नाही, कारण त्या वर्षी अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत खून उतरले, संचारबंदी असलेल्या आणि नसलेल्याही.

नेव्ही यार्ड

नेव्ही यार्ड ही पूर्वीची नौदलाच्या गोदीची जागा. २००८ मध्ये तिथे बेसबॉलचं स्टेडियम उघडलं. मग काचेच्या इमारती, नदीकाठची बाग, कारंजी, हॉटेलं आली. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर नेव्ही यार्डच्या पुढचं स्टेशन अ‍ॅनाकोस्टिया, म्हणजे वॉर्ड ८ चा नदीपलीकडचा भाग. विद्यार्थ्यांना शहरात मेट्रो फुकट आहे. एका स्टेशनाच्या अंतरावर कारंजी आणि दिवे, आणि खिशातून एक पैसा जात नाही. तिथे पोरं जमली नसती तरच नवल होतं.

२०२५ च्या वसंतात ती शेकड्यांनी जमू लागली. समाजमाध्यमांवर एखादं आमंत्रण फिरायचं आणि संध्याकाळी गर्दी व्हायची. बहुतेकजण नुसते हिंडत, पण काही वेळा मारामाऱ्या झाल्या. तिथे राहणारे घाबरले आणि त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही.

जुलैमध्ये कौन्सिलने, सदस्य ब्रुक पिंटो यांच्या पुढाकाराने, आणीबाणीचा कायदा केला. वयोमर्यादा वाढवून सतरा वर्षांच्या मुलांनाही त्यात घेतलं. वेळ रोज अकरा केली. शिवाय पोलीस प्रमुखांना ठरावीक दिवसांसाठी 'विशेष क्षेत्र' जाहीर करायचा अधिकार दिला. त्या हद्दीत रात्री आठनंतर नऊ किंवा जास्त मुलांनी एकत्र जमायचं नाही. पहिलं क्षेत्र जाहीर झालं ते नेव्ही यार्डचंच.

रात्री आठला त्या हद्दीतून बाहेर काढलेला मुलगा कुठे जातो? हा प्रश्न मला या सगळ्या प्रकरणाच्या मध्यभागी दिसतो. तो मेट्रोने एक स्टेशन मागे जातो. तिथे कारंजी नाहीत, हॉटेलं नाहीत, आणि गोळीबार शहरातल्या इतर भागांपेक्षा जास्त आहे. क्षेत्राच्या हद्दीत शांतता झाली याची बातमी होते. मूल जिथे पोहोचलं तिथे पुढे काय झालं, त्याची होत नाही.

३ ऑगस्ट २०२५ ला पहाटे तीनच्या सुमारास शहराच्या मध्यवर्ती भागात गाडी हिसकावण्याच्या प्रयत्नात एका तरुणाला बेदम मारहाण झाली. पोलिसांनी पंधरा वर्षांच्या दोघांना पकडलं. दोघंही शेजारच्या मेरीलँडमधल्या हायट्सव्हिल गावचे. ते गाव ज्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत, म्हणजे परगण्यात, येतं तिथेही मुलांवर संचारबंदी आहे. म्हणजे त्या पहाटे त्यांच्या घरच्या हद्दीत एक आणि घटनास्थळी दुसरी, अशा दोन संचारबंद्या लागू होत्या. आठवड्याभराने, ११ ऑगस्टला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी शहराचं पोलीस दल तीस दिवसांसाठी ताब्यात घेतलं आणि नॅशनल गार्ड उतरवलं. ऑक्टोबरच्या अखेरीला हॅलोवीनच्या रात्री नेव्ही यार्डला पुन्हा गोंधळ झाला. जुलैच्या कायद्याची मुदत तोवर संपली होती, म्हणून १ नोव्हेंबरला महापौरांनी पुन्हा आणीबाणीचा आदेश काढून संचारबंदी आणली.

आसपासच्यांनी काय केलं

वॉशिंग्टनला लागून मेरीलँडची माँटगोमेरी काउंटी आहे. आपली बरीच मराठी कुटुंबं तिथे राहतात, मुलं तिथल्या शाळांत जातात. २०११ मध्ये तिथेही अशी संचारबंदी यायच्या बेतात होती. सिल्व्हर स्प्रिंगमध्ये मुलांच्या टोळ्यांची मारामारी झाली आणि काउंटीचे प्रमुख आयझाया लेगेट यांनी प्रस्ताव मांडला. शेजारच्या दोन्ही हद्दींत बंदी असल्याने तिथली मुलं इथे येतात, हे त्यांचं एक कारण होतं. कौन्सिलमध्ये महिनोन्‌महिने चर्चा झाली, विद्यार्थ्यांनी सभांमध्ये येऊन विरोध मांडला आणि प्रस्ताव बाजूला ठेवला गेला. तिथल्या मराठी पालकांनी मुलांशी याविषयी एकदा बोलावं असं मला वाटतं. त्या चर्चेत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी स्वतः तोंड उघडलं आणि त्यांचं ऐकलं गेलं.

प्रिन्स जॉर्जेस काउंटीतल्या ग्लेनार्डन या छोट्या गावात १९८६ मध्ये जी. व्हॅन स्टँडिफर या गृहस्थांनी संचारबंदीच्या अगदी उलट वाट धरली होती. रात्री दहा ते दोन या वेळात त्यांनी तरुणांसाठी बास्केटबॉलचे सामने सुरू केले. क्रॅकचा धंदा त्याच तासांत चालतो, तर त्याच तासांत दिवे लावलेलं मैदान द्यायचं. नंतर ही कल्पना देशभर गेली आणि १९९४ च्या राजकारणात तिची टर उडवली गेली. तिने गुन्हे किती घटले हे नेमकं सांगणं कठीण आहे. पण एवढं खरं, की मध्यरात्री त्या मुलांच्या जवळ त्यांना नावाने ओळखणारा एक मोठा माणूस होता.

संचारबंदी कुठेच चालत नाही, असंही मी म्हणणार नाही. आइसलँडमध्ये देशभर ती आहे. हिवाळ्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना रात्री आठ आणि तेरा ते सोळाच्या मुलांना दहा, उन्हाळ्यात दोन तास जास्त. तिथे १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सर्वेक्षणात सांगितलं होतं, २०१६ मध्ये ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं होतं. पण वेळापत्रकाबरोबर तिथे खेळ आणि संगीताच्या वर्गांसाठी मुलांच्या नावाने सरकारी पैसे मिळतात, दरवर्षी शाळाशाळांत मुलांना विचारलं जातं, आणि शुक्रवारी-शनिवारी रात्री पालकच गटागटाने रस्त्यावर फेरी मारतात. मूल दिसलं तर त्याला घरी जायला सांगणारी त्याच्या वर्गातल्या कुणाची तरी आई असते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा भोंगाही मला इथे आठवतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या ग्रामसभेने ठरवलं, की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि दीड तास घरातले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. विषय वेगळा आहे, पण गावाने वेळ लावली ती मोठ्यांनाही. मुलगा अभ्यासाला बसला तेव्हा आईची मालिका बंद होती आणि वडिलांचा मोबाइलही.

आता काय मोजता येईल

वॉशिंग्टनमध्ये २०२५ च्या बदलाचा एक परिणाम फारसा कुणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्येही वेळ अकराच केल्यामुळे ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर यांच्यातला फरक पुसला गेला. असा नियम लागू असेल तोवर अकरा ते बाराचा तो तास दोन्ही तारखांना सारखाच राहतो, आणि ज्या तुलनेवरून पूर्वी काही कळलं होतं ती तुलना करता येत नाही.

पण विशेष क्षेत्रांनी दुसरी संधी दिली आहे. प्रत्येक क्षेत्राला नकाशावर हद्द आहे, सुरू आणि बंद व्हायची तारीख आहे, आठ ही वेळ आहे. मायक्रोफोन अजूनही छपरांवर आहेत. हद्दीच्या आत, हद्दीला लागून असलेल्या गल्ल्यांत आणि हिरव्या मार्गावरच्या पुढच्या दोन स्टेशनांभोवती त्या रात्री काय झालं, हे शहराला शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल. बालसुधार केंद्रात आणलेल्या मुलांपैकी किती जणांच्या घरी त्या वेळी कुणीच नव्हतं, ही नोंदही केंद्र ठेवू शकतं. कौन्सिलने पुढच्या मुदतवाढीला हात वर करण्याआधी हे दोन कागद टेबलावर मागवावेत.